अस्तर लावलेला कोरोवाय

२ एप्रिल

खोकं आलं. टपालाच्या गाडीवाल्याने ते पायरीवर ठेवलं आणि विचारलं, "काय पिरिहिरा, पडदे मागवलेस की काय?" मी हो म्हणाले. सकाळचे नऊ वाजले होते आणि दिवसातलं पहिलं खोटं बोलून झालं होतं.

आत कोरोवाय आहे, आमच्या लोकांचा मानाचा पिसांचा झगा. दिसायला देखणा आहे, नाही म्हणत नाही. खांद्यापासून पोटरीपर्यंत पिसंच पिसं, तपकिरी आणि काळी, खाली पांढऱ्यांची किनार. कुठल्याशा परदेशी कारखान्यात कापडावर पिसांच्या तयार पट्ट्या मशीनने शिवल्या आहेत. मानेपाशी धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी होती. ती मी नखं कापायच्या कात्रीने उसवली आणि चुलीत टाकली.

हे कुणी वाचणार नाही, तेव्हा सरळ लिहिते. नॅनी काराराइना म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी. तिने विणलेले कोरोवाय खांद्यावर घेऊन आमच्या खाडीवरची निम्मी माणसं लग्नाला उभी राहिली, आणि निम्म्यांच्या शवपेटीवर ते पसरले गेले. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं आखडली, डोळ्यांपुढे धुकं आलं. तेव्हा माराएवर, आमच्या कुळाच्या सभेच्या जागी, सगळ्या गोतावळ्यासमोर, तिने माझं नाव घेतलं. माझ्या भावाची मुलगी मिहि डॉक्टर होईल त्या दिवशी तिच्या खांद्यावर नवा कोरोवाय हवा, आणि तो पिरिहिरा विणेल.

माझं नाव का घेतलं कुणास ठाऊक. सव्वीस वर्षं वेलिंग्टनच्या कचेरीत फायली सरकवून, नवऱ्याला सोडून, पन्नाशीला घरी परत आलेली बाई मी. माझी माओरी भाषा बालवाडीतली. माझ्या पाठीमागे मला 'वेलिंग्टन' म्हणतात, तेही मला माहीत आहे. त्या दिवशी नाव घेतलं गेलं तेव्हा मी रडले होते. वाटलं, घेतलं बाई आपल्याला आत.

मग हराकेकेच्या झुडपाची लांब, चिवट पानं कापली, शिंपल्याने खरवडून धागा काढला, नडगीवर घासून तो वळला. नडगीवरचे केस गेले, कातडी गेली. चार बोटं रुंद वीण झाली आणि काम थांबलं. कुणी विचारलं की "चाललंय" म्हणायचं. दोन वर्षं चाललंय. आता पदवीदान चाळीस दिवसांवर आहे.

५ एप्रिल

आतली बाजू घात करणार. हाताने विणलेल्या कोरोवायची ओळख पाठीमागूनच पटते. प्रत्येक पिसाचा देठ दुमडून विणीत धरलेला असतो, ओळीखाली ओळ. याच्या पाठीला मशीनचे टाके आणि पट्ट्यांच्या कडा. म्हणून गिझबर्नला जाऊन काळं सॅटिन आणलं आणि आतून अस्तर लावायला बसले. हाताने. इतके बारीक टाके घातले की मधेच मला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि मग शरमेने कान तापले. या सगळ्यात माझ्या हातचं म्हणावं ते एवढंच.

आमच्या भागात कितीतरी जणी मशीनवर कोरोवाय शिवतात. पलीकडच्या खाडीवरच्या हुहानाच्या सुना शिवतात, पोरं मिरवतात, कुणाचं काही म्हणणं नाही. मशीनवर शिवलाय एवढं सांगितलं की झालं. मला तेवढं सांगता येत नाही. माझ्याकडे वीण मागितली होती.

९ एप्रिल

दाखवून आले.

नॅनी खिडकीशी बसली होती. हनुवटीवर गोंदलेल्या मोकोच्या रेघा हल्ली सुरकुत्यांत बुडाल्या आहेत, पण उन्हात दिसतात. मी कोरोवाय तिच्या मांडीवर ठेवला. तिने आधी वास घेतला. मग पिसांवरून उलट हात फिरवला, कडेला आली, कड उलटली आणि अंगठा आतून चालवत नेला. किती वेळ, कोण जाणे.

"अस्तर लावलंस?"

"हो. म्हटलं, टिकेल."

"हं." अंगठा पुन्हा मागे गेला. "हलका आहे गं."

"धागा बारीक काढला होता, नॅनी."

"आणि पिसं कुणाची?"

"भावाने रानात फेझंट पक्षी मारले होते ते. बाकी घरच्या कोंबड्या."

"बऱ्या शिस्तीच्या कोंबड्या तुझ्या. सगळ्यांची पिसं एका मापाची." ती हसली. मीही हसले. नंतर म्हणाली, "टाके मात्र सुरेख आहेत तुझे. आई तुझी असेच घालायची."

निघताना हात हातात धरून ठेवला. "अजून काही सांगायचंय का पोरी?" मी म्हटलं, "नाही, थकले आहे जरा." ती म्हणाली, "थकणारच."

सुटले. तिचे डोळे गेले नसते तर आज माझं काही खरं नव्हतं. हे वाक्य लिहिलं आणि स्वतःचीच किळस आली. एका आंधळ्या बाईच्या आंधळेपणावर मी खूश आहे.

१२ मे, ऑकलंड

मिहि मंचावर गेली. मागच्या वर्षी गोंदलेला मोको हनुवटीवर, कानात माझ्या आईचे हिरव्या दगडाचे डूल, खांद्यावर तो. नाव पुकारलं तशी वरच्या रांगांतून भावकीतल्या पोरांनी पाय आपटत हाका नाच सुरू केला, खुर्च्या थरथरल्या. मिहि रडत होती. बाहेर आल्यावर माझ्या गळ्यात पडली. "आंटी, तिथे चालताना तू पाठीवर हात ठेवलायस असं वाटत होतं."

मी स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं.

बाहेर फोटो चालले होते. पलीकडच्या खाडीवरची हुहाना आली होती, नॅनीची पहिली शिष्या, सत्तरीची, जिभेला धार असलेली. सगळ्या बायका पिसांवरून हात फिरवत होत्या. हुहानाने हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

"आंटी हुहाना, बघ ना हात लावून," मिहि म्हणाली.

"लांबूनच दिसतंय की," हुहाना म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. जळते, दुसरं काय. आयुष्यभर नॅनीच्या पायाशी बसली आणि कोरोवायसाठी नाव माझं निघालं.

जेवताना भाऊ म्हणाला, आता पिरिहिराच्या हनुवटीवरही मोको यायला हवा, तिने तो कमावलाय. टाळ्या पडल्या. गोंदणाऱ्याला फोन करून सप्टेंबरची तारीखसुद्धा घेतली. किती वर्षं याच दिवसाची वाट बघत होते मी. नॅनी एवढंच म्हणाली, "घाई कशाला. हनुवटी काय पळून जातेय?" म्हातारपणी माणसं सावध होतात.

१५ मे

आज पुरती अडकले.

मिहिने कोरोवाय घडी घालून नॅनीकडे आणला. पुढे कुणाकडे राहणार, असं भावाने विचारलं. नॅनी म्हणाली, "हे पिरिहिराचं पहिलं काम. पहिलं काम विणणारीने ठेवायचं नसतं, देऊन टाकायचं असतं. मिहिला एक दिवस अंगावर घ्यायला दिलं. आता मला दे."

हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. पहिल्या दिवशी तिने तोच शिकवला होता. खोटं जुळवताना सगळा विचार केला, पक्षी, धागा, अस्तर, आणि हेच कसं विसरले? पहिलं म्हणून सांगितलं, तर ते द्यावंच लागणार.

"घे की नॅनी," मी म्हटलं.

"माझ्या पेटीवर घाला," ती म्हणाली. शांतपणे, चहात दूध घाला म्हणावं तसं. "माझ्या इतर कुठल्या कोरोवायला हात लावू नका. हाच."

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मिहिने माझा खांदा दाबला. मी मान खाली घातली, आणि त्यांना तो विनय वाटला.

४ जून

नॅनीचा निरोप, रोज सकाळी ये म्हणून. "हात रिकामे बसत नाहीत माझे. मला वळता येत नाही, तू वळ, मी ऐकते." धागा वळल्याचं काय ऐकायचं असतं? पण गेले. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, जणू मी कधी शिकलेच नव्हते. मधला कोंब कापायचा नाही, त्याच्या दोन बाजूंची पानं म्हणजे आईबाप, तीही नाहीत. पावसात कापायचं नाही. विणकामाजवळ खायचं नाही. सूर्य कलला की झाकून ठेवायचं. मी म्हटलं, "माहीत आहे गं नॅनी." ती म्हणाली, "मग अवघड काय आहे?"

२१ जून

दोन खुंट्या रोवून तिने मला वीण लावायला लावली. कशासाठी, तर तिच्या जुन्या पिशवीला पट्टी हवी आहे म्हणे. मी विणते, ती डोळे मिटून बोट फिरवते आणि चूक सापडली की नखाने टकटक करते. "इथे. उसव." आज चारदा उसवलं.

मी चिडले. "पिशवीच्या पट्टीला एवढं कशाला?"

"पिशवीला माणसापेक्षा कमी लेखतेस?"

हसू आलं. तिला माझा संशय आला असता तर ती अशी हसत-खेळत बसली नसती, एवढं तरी समाधान आहे.

३० जुलै

वीतभर झालं. वाकडं आहे, डावीकडे ओढ घेतंय, पण बोटं आता न बघता चालतात. दहा वाजून गेले तरी लक्षात येत नाही.

आज सांगणार होते. खरंच. तोंड उघडलंसुद्धा. "नॅनी, तो कोरोवाय..." ती थांबली, तिने मान माझ्याकडे वळवली. आणि मी म्हटलं, "...कपाटात कसर लागणार नाही ना?" ती म्हणाली, "नाही. त्याला काही होणार नाही."

गाडीत बसून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. लहान मुलासारखी. खरं सांगायला किती वेळ लागतो? एका श्वासाचं काम. पण पलीकडे सगळं दिसतं. मिहिचा तो फोटो, भावाचं तोंड, आणि मी पुन्हा 'वेलिंग्टन'.

१८ ऑगस्ट

नॅनी अंथरुणाला खिळली. खुंट्या आता तिच्या पलंगाशी रोवल्या आहेत. दोन विती झाल्या. गोंदणाऱ्याला फोन करून तारीख रद्द केली, कारण सांगितलं तब्येत. एवढी एक गोष्ट बरी केली.

नॅनीला सांगितलं तर म्हणाली, "शहाणी आहेस." मला वाटतं तिला ऐकू नीट गेलं नसावं.

३ सप्टेंबर

नॅनी गेली. पहाटे, झोपेत.

४ सप्टेंबर, माराएच्या आवारात, गाडीत बसून

सभागृहात तिला निजवलंय, भोवती पूर्वजांचे फोटो. पेटी उघडी आहे. बायकांनी डोक्यावर हिरव्या पानांचे वेढे घातले आहेत. रावीरीने, तिच्या मुलाने, कोरोवाय आणला आणि माझ्या हातात दिला. "तूच घाल. आईने तसंच सांगितलंय."

घातला. हे हात तेव्हाच झडायला हवे होते.

आणखी एक गोष्ट. पेटी पुरण्याआधी कोरोवाय काढून घेतात, पुढच्या माणसासाठी. रावीरी म्हणाला, "हा काढायचा नाही. आईने दोनदा बजावलंय. तिच्याबरोबर खाली जाऊ दे." लोकांत कुजबुज झाली, असं कुणी ऐकलं नव्हतं. केवढा हा मान. नॅनीने मला जे दिलं ते कुणालाच दिलं नाही, आणि मी तिला दिलं ते कारखान्यातलं कापड.

पलीकडे, पेटीच्या दुसऱ्या बाजूला हुहाना बसली आहे. दिवसभर माझ्यासमोर. कोरोवायकडे बघतच नाही.

५ सप्टेंबर

पाहुणे येताहेत. रोटोरुआहून, नॉर्थलँडहून. बायका हाक देतात, पाहुण्या बायका उत्तर देतात, मग रडणं, मग नाकाला नाक लावून भेटणं. प्रत्येक टोळीतल्या विणकर बायका पेटीपाशी येतात, आणि त्यांचा हात आपोआप कोरोवायच्या कडेला जातो. तिथेच थांबतो. मग त्या माझ्याकडे बघतात. एकीने विचारलं, "तू विणलास?" मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाच माहीत नाही. तिने माझं डोकं छातीशी धरलं आणि म्हणाली, "बिचारी." नॅनीबद्दल म्हणाली असेल.

संध्याकाळी तळलेला पाव आणि शिंपले पोटभर खाल्ले आणि बाहेर जाऊन ओकले.

उद्या झाकण लावणार. उद्यापर्यंत गप्प राहिले की संपलं. कोरोवाय मातीत जाईल, पाठ कुणाला दिसणार नाही, आणि मी आयुष्यभर विणकर राहीन. हे लिहिताना मनात आत कुठेतरी सुटकेचा निःश्वास आला. तो आला, हे मी लिहून ठेवतेय.

६ सप्टेंबर

केलं.

झाकण घेऊन रावीरी आणि पोरं आली तेव्हा मी उठले. माझ्या मोडक्यातोडक्या माओरीत बोलले, मधेच शब्द सापडला नाही तर इंग्रजीत. हा मी विणलेला नाही. हा विकत आणलाय. मी नॅनीशी खोटं बोलले, मिहिशी बोलले, तुमच्या सगळ्यांशी बोलले. हा तिच्याबरोबर जाऊ शकत नाही. आणि मी तो तिच्या अंगावरून काढला. ओढताना अस्तराचा आवाज झाला, सळसळ. अख्ख्या सभागृहात तेवढाच आवाज होता.

मिहि उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही, बाहेर गेली. भावाने तोंडावर हात ठेवला. कोरोवाय माझ्या हातात होता आणि तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं, खाली टाकता येईना, कुणी घेईना.

हुहाना म्हणाली, "नॅनी उघडी पडली आहे. तुझ्या हातचं काय आहे?"

"काही नाही. दोन विती आहे. वाकडं."

"आण."

नॅनीच्या घरापर्यंत धावत गेले, खुंट्यांवरून पट्टी सोडवून आणली. पेटीवर ठेवली. छातीपासून पोटापर्यंतसुद्धा पुरली नाही. डावीकडे ओढ घेणारी, दोऱ्यांची टोकं लोंबणारी. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. रावीरीने त्यावरच झाकण लावलं.

दफनभूमीतून येताना हातांवर पाणी घेतलं. जेवायला बसले नाही, मोरीशी जाऊन ताटं धुवायला लागले. तिथे निदान तोंड भिंतीकडे असतं. हुहाना फडकं घेऊन शेजारी येऊन उभी राहिली आणि पुसायला लागली. पाच-सहा ताटं झाली.

मी म्हटलं, "तिला फसवलं मी. ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली."

हुहानाचा हात थांबला. "कुणाला फसवलंस?"

"नॅनीला."

"अगं वेडे. मला ऑकलंडला दहा फुटांवरून कळलं. मला विणायला शिकवलं कुणी?" तिने ताट रचलं, दुसरं घेतलं. "त्याच रात्री तिने आम्हाला, आम्ही विणणाऱ्या सगळ्यांना, बसवून सांगितलं. कुणी तोंड उघडायचं नाही. तिचं तिला बोलू द्या. वेळ द्या तिला."

मला पाण्यातून हात काढता येईना. तो अंगठा, ते "अजून काही सांगायचंय का", ते "मग अवघड काय आहे". आणि मी खूश होते, तिला दिसत नाही म्हणून.

"आणि मी बोलले नसते तर?"

"मीही तेच विचारलं होतं. म्हटलं, काराराइना, ती नाहीच बोलली तर तुझी सगळ्या देशासमोर शोभा होईल." हुहानाने नळ बंद केला. "म्हणून तर खाली नेणार होती तो. म्हणाली, वर राहिला तर कधीतरी कुणीतरी अस्तर उसवून बघेल. पोरीला इथेच राहायचंय, इथेच तोंड दाखवायचंय. मी अंगावर घेऊन जाईन."